उघडी किल्ली

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. त्याच्यापासून दुसरं काही लपलेलं नाही – भांडताना मी सगळं ओकून टाकते, लपणार काय?

मी रत्नागिरीच्या बंदरावर मासळीचा व्यापार करते. दारोदार टोपली फिरवण्यापासून सुरुवात केली. आज माझा माल परदेशी जातो. ज्या कंपनीला तो देते, तिला पन्नास वर्षं झाली तेव्हा तिनं जुन्या व्यापाऱ्यांना आठवण म्हणून एकेक विलायती घड्याळ दिलं. जड, लखलखीत, मागच्या झाकणावर माझं नाव कोरलेलं. बाकी सगळे पुरुष. त्यातला एक म्हणाला, "मावशे, घड्याळ दिलान, पण मनगट कुठनं आणशील?" सगळे हसले. ते हसणं मी विसरलेले नाही. विसरणारही नाही.

पट्टा खरंच सैल होता. रामआळीतल्या घड्याळवाल्या वसंतकाकांनी दोन कड्या काढून तो बसवून दिला आणि मी न विचारता मला शिकवत बसले. खारं पाणी उडालं तर गोड्या पाण्याच्या फडक्यानं पुसायचं. स्पीकरवर ठेवायचं नाही, त्यात लोहचुंबक असतं. दरवर्षी आतलं रबर तपासून घ्यायचं. आणि बाजूची किल्ली फिरवून पक्की आवळल्याशिवाय पाण्यात हात घालायचा नाही. "घड्याळ महागाचं आहे गो, पण पाण्याला किंमत कळत नाही."

मी सगळं पाळलं. फक्त –

कसं सांगू? होड्या लागल्या की तांडेल, म्हणजे होडीचे म्होरके, भाव धरून बसतात. मग मी कोपऱ्यात जाऊन किल्ली ओढायची, काटे वीस मिनिटं पुढे करायचे आणि मनगट त्यांच्या नाकासमोर धरायचं. "बघ, बर्फाची गाडी सुटायला आली. देतोस की ठेवतोस घरी?" त्यांचे मोबाइल प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले, हात मासळीनं भरलेले. आणि एवढं भारी घड्याळ खोटं कशाला बोलेल? सौदा झाला की काटे पुन्हा जागेवर.

एका सकाळी सुरमई अशी आली होती की मी किल्ली आवळायचीच विसरले. तसाच हात बर्फाच्या टबात, कोपरापर्यंत. दुपारी काचेच्या आत वाफ धरलेली दिसली.

तशीच दुकानात गेले. गिऱ्हाइकं उभी होती, बंदरावरचे दोघे त्यात होते. ते हसतील – एवढंच डोक्यात. आठवड्यापूर्वीच काकांनी रबर तपासायला झाकण उघडलं होतं. तेच धरलं. तुम्ही झाकण नीट बसवलं नाहीत, म्हातारपणी हात थरथरतो तर दुकान कशाला चालवता – बोलले मी हे. माझा आवाज तुम्ही ऐकलेला नाही, पण बंदर ओळखतं.

काकांनी घड्याळ हातात घेतलं. किल्ली अजून बाहेरच होती. त्यांनी ती पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. अंगठ्यानं ती हळूच आत दाबली, आवळली आणि म्हणाले, "नजर चुकली असेल माझी. ठेवून जा, ताई."

एरवी मला ते ताई म्हणत नसत.

मी घड्याळ ठेवून बाहेर पडले. घड्याळ सुधारून आलं, मिठाचा कणही न राहता. पण बंदरावरच्यांनी काकांकडे घड्याळं द्यायचं सोडलं. वर्षभर नुसते पट्टे आणि सेल विकून त्यांनी दुकान बंद केलं. तोवर माझं घड्याळ मात्र त्यांनीच बघितलं.

त्या दिवसानंतर मी काटे पुढे केलेले नाहीत. आज घड्याळ बरोबर चालतं, ते त्यांच्या हातामुळे. आणि ज्यांनी माझ्या मनगटावर थट्टा केली, त्यांच्यासमोर ते मनगट ताठ राहिलं, तेही त्यांच्यामुळेच. एका शब्दात ते मला तिथे उघडी पाडू शकले असते, पाडलं नाही. माझ्या आयुष्यात घासाघीस न करता मिळालेली ती एकच गोष्ट. तिचे उपकार रोज सकाळी घड्याळ बांधताना आठवतात.

काका आता चिपळूणला लेकीकडे असतात. मागच्या महिन्यात जाऊन आले. त्यांनी घड्याळ कानाशी धरलं, मग अंगठा किल्लीवर नेला. पक्की आवळलेली होती. "शाब्बास गो," म्हणाले.

मी चहा प्यायले आणि परत आले.

त्या दिवशी किल्ली उघडी होती. ती मी उघडली होती.