सात चक्रवाक

"पक्षी दिसला, की हौस दिसली?" नदीकाठी कुणी हरखून बोट दाखवलं, की काका आधी हे विचारत. तुम्हीही कधी रविवारी सकाळी खराडीच्या पुलाखाली पक्षी बघायला आला असाल, तर तुमचीही अशी हजेरी घेतली गेली असेल.

हडपसरच्या एका कारखान्यात त्यांनी जन्मभर तयार माल तपासला. नापास करायची सवय निवृत्तीनंतर पक्ष्यांच्या कामी आली. मी घारीला गरुड म्हटलं, तेव्हा म्हणाले, "अहो, गरुड हवा असेल तर देवळात जा." मी चिडले, आणि पुढच्या रविवारी पुन्हा गेले.

पावसाळा सरला की त्यांना एकच ध्यास, लडाखकडून येणाऱ्या चक्रवाकांचा. नारंगी अंगाची ही बदकं नदीवर पहिल्यांदा कधी उतरली, ती तारीख ते दर वर्षी वहीत लिहीत. पण नजर विझत चालली होती, डॉक्टरांनी हात टेकले होते. मग मी बघायचं आणि त्यांनी लिहायचं, असं ठरलं. "तुमचे डोळे मी पास केलेत," म्हणाले. मला केवढा अभिमान वाटला होता!

दसऱ्यानंतरच्या रविवारी ते एकदम उठून उभे राहिले. "आले! पलीकडे बघा, नारंगी दिसतंय मला!"

मी दुर्बीण लावली. जलपर्णीत झेंडूच्या माळा अडकल्या होत्या. काकांनी हसत हसत वही उघडलीही होती.

"हो, आले," मी म्हणाले.

"किती?"

"सात."

त्यांनी वही डोळ्यांशी धरून लिहिलं. मग बराच वेळ कान देऊन बसले. त्यांचे कान शाबूत आहेत, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

"चक्रवाक इतका वेळ गप्प बसत नाहीत. काय आहे तिथे?"

"झेंडू."

त्यांनी ओळ खोडली. "डोळे माझे गेलेत, बाई. तुमचे होते की."

त्यानंतर ते आले नाहीत. त्यांना खूश करायला गेले आणि त्यांच्याकडे उरलेली एकुलती नजर मीच काढून घेतली.

दिवाळीच्या सुमारास चक्रवाक खरोखर उतरले. मी तिथूनच फोन लावला. तेच आमचं शेवटचं बोलणं; डिसेंबरात काका गेले.

"काका, अकरा आहेत. शपथ."

"तुम्ही म्हणताय, म्हणजे असतील."

मी घाईघाईने फोन नदीकडे धरला. पुलावरून ट्रक जात होते. अकराही पक्षी माना खाली घालून काठाशी चरत होते. "ओरडा ना रे," मी म्हणत होते. एकही ओरडला नाही.