कशेडी घाट आणि हॉर्न नसलेली गाडी

‘गाडीत एकच माणूस बसतो’ असं होणाऱ्या जावयाने पत्रात लिहिलं होतं, हे खरं आहे. मी नाही म्हणत नाही. पत्र अजून डब्यात आहे, कुणालाही दाखवीन. पण एवढ्या वाक्याचा अर्थ शहाण्या माणसाने काय घ्यायचा? आम्ही असा घेतला की गाडीचा साहेब सडाफटिंग आहे, मागच्या सीटवर एकटाच बसतो, म्हणजे आम्हाला जागा भरपूर. म्हणून मी दोन पिशव्या, एक बोचकं आणि नारळ घेऊन दासगावहून निघाले. आता व्याही मलाच म्हणतात, विहीणबाय, लिवून कळवलं व्हतं. त्यांनीही अर्थ माझ्यासारखाच घेतला होता, ते सोडून बोलतात.

या साप्ताहिकाचे गुरुजी म्हणाले, कशेडीला जाऊन आलात तर लिहून द्या, जाणाऱ्यांना उपयोग होईल. मी मराठी तिसरी शिकलेली. ऱ्हस्वदीर्घ त्यांनी बघावं, मजकुराला हात लावू नये, असं ठरवून देते आहे.

आधी कारण सांगते. माझ्या सुमनचा साखरपुडा कार्तिकात झाला. मुलगा कुडपणचा, दत्ताराम. त्याचे वडील धोंडीबा बोलणीला आले तेव्हा सुपारी हातात धरून म्हणाले होते, पोरगा मुंबईला डायवर हाय, गाडी त्याच्या एकट्याच्या हाताखाली. ड्रायव्हर म्हणजे आमच्याकडे काय ते सगळ्यांना ठाऊक आहे. खाकी कपडे, महिन्याचा पगार, रस्त्यात चार माणसं ओळखतात. मी लगेच होकार दिला. लग्न वैशाखात धरलं. मग पौषात हे पत्र. संक्रांत झाली की रविवारी गाडी घेऊन कशेडीला येतोय, शनिवारी पोलादपूरला मुक्काम, गाडीत एकच माणूस बसतो.

आमच्या घरातल्यांना वालाची राखण होती. म्हटलं, मी जाते. जावयाचा हात कसा चालतो ते बघते, गाडीला ओवाळते, आणि जन्मात एकदा मोटारीत बसून घाट चढते.

दासगावहून महाडची सकाळची एसटी वेळेवर येते, पण भरून येते. बोचकं असेल तर टपावर टाकू देऊ नका, खाली घ्या, कंडक्टर कटकट करील ती ऐकून घ्या. महाडला गाडी बदलावी लागते. स्टँडवर दोन तास गेले. तिथली भजी गरम असतील तरच घ्या. गार झाली की तेल ओठांना चिकटतं, मग पोलादपूरपर्यंत तेच. पुढचा रस्ता चांगला आहे. नदीकडची खिडकी धरा. आमच्या दासगावची सावित्री खाडीचं पाणी पिऊन फुगलेली असते, वर पोलादपूरकडे तीच दगडांतून उड्या मारत येते. लग्नाआधीची वाटते. एवढं बघण्यासारखं, बाकी धूळ.

पोलादपूरला उतरले तर धोंडीबा स्टँडवर बसलेले. पहाटे कुडपणहून पायी निघाले होते, खांद्यावर नाचणीची पिशवी. तेही गाडीतून घाट चढायला आलेले. दोघं वाट बघत बसलो. त्यांना मी विचारलं, मागच्या सीटवर साहेबाशेजारी तुम्ही बसणार की मी? ते म्हणाले, तुमी बसा, मी डायवरशेजारी बसतो, बापाचा मान हाय.

चार वाजता एक ट्रक समोर येऊन थांबला. क्लीनरच्या बाजूने दत्ताराम खाली उडी मारून आला. अंगात तेलकट निळे कपडे, हात कोपरापर्यंत काळे. मी मनात म्हटलं, ट्रकवर आहे होय, असू दे, ट्रकही गाडीच. पाया पडला. मी विचारलं, गाडी कुठाय?

“ही काय वर, मामी.”

ट्रकात चढून त्याने ताडपत्री काढली. मी खालून बघितलं, परत बघितलं. चार चाकांच्या मध्ये ठेवलेली होडी. तीही लहान, एका माणसाने खाडीत ढकलावी एवढी. टप नाही, दार नाही, दिवे नाहीत. चाकं अंगाबाहेर, कोळंबीच्या मिशांसारख्या काड्यांना लावलेली. मधे एक भोक, त्यात कंबरेपर्यंत माणूस घालायचा. एकच. मला खरोखर बसायलाच लागलं. जी गाडी स्वतः ट्रकात बसून येते ती दुसऱ्याला काय नेणार?

धोंडीबांनी डोक्यावरची टोपी काढली, परत घातली. म्हणाले, “दत्ताराम, आयशीला जाऊन काय सांगू रे? पोरगा होडी चालवतो?”

मग तो सांगत बसला. ही शर्यतीची गाडी. तो मुंबईला गॅरेजात फिटर आहे, इंजिन त्याने स्वतःच्या हाताने बसवलं, गाडी गॅरेजच्या साहेबाची. ही ज्युनिअर लोकांची शर्यत. जे अजून पगारी झाले नाहीत, पण व्हायचं आहे, त्यांची. अशा चार शर्यती असतात. पहिली विमानांच्या जुन्या धावपट्टीवर झाली, तिथे हा दुसरा आला. दुसरी ही कशेडीची, एकेकाने घाट चढायचा, घड्याळ लावून. चारी मिळून जो पुढे, त्याला एक कंपनी पगारावर घेणार आणि मोठी गाडी देणार.

“म्हणजे तू अजून ड्रायव्हर नायस?” मी विचारलं.

“व्हनार हाय, मामी.”

महाडच्या कचेरीत एक ज्युनिअर कारकून मी बघितलाय. त्याचे केस पिकले तरी तो ज्युनिअरच होता. मी धोंडीबांकडे बघितलं. ते नाचणीच्या पिशवीची गाठ सोडत होते आणि परत बांधत होते. तेव्हा कळलं, ह्या माणसाने मला फसवलं नव्हतं. त्याला स्वतःलाच काही ठाऊक नव्हतं. म्हणून राग कमी झाला असं नाही, नुसती रागाला जागा राहिली नाही.

तरी आणलेला नारळ परत कसा न्यायचा? फळी लावून गाडी खाली घेतली. मी तिच्या नाकाला कुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, धोंडीबांनी दगडावर नारळ फोडला. आमच्याकडे नारळ फुटला की ड्रायव्हरने एकदा हॉर्न द्यायचा असतो. देवाला कळतं की गाडी निघाली. म्हटलं, दे हॉर्न. दत्ताराम म्हणाला,

“हॉर्न नसतो हिला.”

मी म्हटलं, घाटाच्या तोंडाशी सरकारने पाटी लावलीय, हॉर्न वाजवा. वळणावर पलीकडच्याला सांगायचं कसं?

“वाजवायला येळच नसतो, मामी. तोवर वळण गेलेलं असतं.”

रात्री धोंडीबांच्या बहिणीकडे पोलादपूरलाच राहिलो. तिने कुळथाची पिठी वाढली.

रविवारी सकाळी त्या ट्रकातूनच घाटाच्या पायथ्याशी गेलो. होडीच्या शेजारी मी, धोंडीबा आणि माझं बोचकं. घाट बघायची हौस असेल त्यांनी थंडीतच जावं. पावसात दरड खाली येते आणि ट्रकवाले रात्ररात्र अडकून पडतात. पाण्याचा तांब्या बरोबर असू द्या, वर दुकान नाही. आम्ही पायी तिसऱ्या वळणापर्यंत चढलो. तिथे चुना लावलेल्या दगडांच्या आत एक सावली होती. खाली बघितलं तर दरी, आणि दरीत एक सबंध ट्रक उलटा, गंजलेला, त्यातून झाड उगवलेलं.

खाली दहाबारा गाड्या रांगेत. चालवणारी पोरं मुंबईच्या मोठ्या घरांतली, डोक्यावर तपेल्यासारखी टोपी. त्यांच्यात दत्ताराम एकटाच असा की ज्याचे स्वतःचे हात काळे होते. रस्ता दोन्हीकडून बंद केलेला. प्रत्येक वळणावर एक माणूस, एका काखेत पिवळं निशाण, दुसऱ्यात लाल. रस्त्यात काही आलं की पिवळं हलवायचं, म्हणजे चालवणाऱ्याला आधी कळतं. हॉर्न नाही त्याची ही सोय. आमच्या वळणावर मुंबईचा एक बाबू होता, गळ्यात रुमाल, सकाळपासून उपाशी.

पहिली गाडी आली ती मी बघितलीच नाही. आधी आवाज आला, पत्र्याच्या डब्यात शंभर भुंगे कोंडावे तसा. मान वळवेपर्यंत डोळ्यांपुढे एक लाल रेघ, अंगावर खडी, आणि एरंडेलाचा वास. हो, एरंडेल. धोंडीबा म्हणाले, इंजनात तेच घालतात म्हणे. पोरांना जुलाबाला देतो ते. ह्याच्या आत माझा जावई बसणार आणि घरी माझी सुमन हळद कुटणार.

आता जे लिहिते ते तिथे कुणाला सांगितलं नाही. सहावी गाडी गेल्यावर मला त्या बाबूची दया आली. बोचक्यातून तांदळाची भाकरी काढली, सुकटीची चटणी घातली, हातावर दिली. म्हटलं, खा रे, दोन घासांत काय होतंय. त्याने दोन्ही निशाणं एका काखेत मारली आणि खायला बसला. ओढ्याच्या वाटेने एक म्हैस वर आली. ती सावकाश रस्त्याच्या मधोमध गेली आणि तिथेच थांबली. बाबूचं तोंड भरलेलं. मी म्हशीकडे बघत होते, निशाणाकडे नाही. तेवढ्यात खालून भुंगे.

सातवा दत्ताराम होता.

मी ओरडले की नाही ते आठवत नाही. धोंडीबा म्हणतात, ओरडलात. वळणावरून होडी आली, तिचं तोंड एकदम डोंगराकडे फिरलं, चाकांनी रस्ता खरवडला, धूर झाला. धूर गेला तेव्हा गाडी आडवी उभी होती आणि म्हशीचं शेपूट तिच्या नाकाला लागत होतं. म्हशीने वळून बघितलं आणि ती चालू लागली. इंजिन बंद पडलेलं. धोंडीबा आणि बाबू दोघांनी ढकललं, बाबूच्या हातात भाकरी तशीच. गाडी सुरू झाली, वर गेली. दत्ताराम शेवटचा आला.

वर पोचलो तर गॅरेजचा साहेब घड्याळ हातात धरून त्याला बोलत होता. साहेब मराठी होता, म्हणून सगळं समजलं. म्हशीच्या डावीकडे जागा होती, म्हणाला. पगारी ड्रायव्हर जागा बघतो, म्हैस बघत नाही. दत्ताराम खाली मान घालून फडक्याने हात पुसत होता. साहेब गेल्यावर मी त्याच्यासमोर उभी राहिले. भाकरीचं सांगणार होते. जीभ उचलली नाही. म्हटलं, देवाने वाचवलं, जागा नव्हती ते बरं झालं.

“जागा व्हती,” तो म्हणाला. “दोन हात व्हती. गेलो असतो.”

“मग थांबलास कशाला?”

“डावीकडं तुमी उभ्या व्हत्या. म्हस बिचकली असती तर तुमच्या अंगावर आली असती.”

धोंडीबा दुसरीकडे बघायला लागले. मी विचारलं, आणि मी नसते तर? तो लगेच बोलला नाही. खोटं बोलायला वेळ घेतोय असंही नव्हतं. इंजिनाचा आवाज ऐकताना मेकॅनिक जसा गप्प होतो तसा गप्प.

“सांगता येत नाय, मामी.”

परतीची एसटी पोलादपूरला वेळेवर मिळाली, महाडला उशिरा. भजी घेतली नाहीत. दासगावला पोचले तर सुमन पाटावर वाल सोलत बसलेली. सगळं सांगितलं, भाकरीसुद्धा. तिने शेंग खाली ठेवली नाही. एवढंच म्हणाली, “आई, तो थांबला ना?” मी म्हटलं, थांबला. “मग म्हैस तू हाकलायची होतीस.” आणि सोलत राहिली. आठ दिवस झाले, ते वाक्य घरात फिरतंय. लुगड्याला एरंडेलाचा वास आहे तो दोनदा धुऊनही जात नाही.

तर दत्ताराम, हे साप्ताहिक तुझ्या गॅरेजच्या पत्त्यावर जातं, मी चौकशी केली. माझी चूक वर लिहिली आहे, साहेबाला वाचून दाखव, शेवटचा नंबर तुझा नव्हे, माझ्या भाकरीचा आहे. ज्युनिअर आहेस, चालेल. पगार अजून नाही, तेही बघू. गाडीत एकच माणूस बसतो, बसू दे. पण अजून दोन शर्यती आहेत, आणि तिथल्या वळणावर मी उभी नसेन. तिथे जागा बघणार की म्हैस बघणार, एवढं लिही. पुढच्या महिन्यात शिमगा. होळी पेटायच्या आत उत्तर दासगावला पोचलं पाहिजे, आणि ह्या वेळेला दोन अर्थ निघणार नाहीत असं लिही. सुमन स्वतः वाचणार आहे.