सुनेचं कारल्याचं तीर्थ

आमच्या घराण्यात सुनेने सकाळी उपाशीपोटी तीर्थ घ्यायची प्रथा नाही. कधीच नव्हती. ती मी बनवली, आणि वाटीत तीर्थ नसून कारल्याचा रस असायचा. सत्त्याहत्तराव्या वर्षी हे एकदाचं लिहून मोकळा होतो.

मुलाने सामोअन, म्हणजे पॅसिफिकमधल्या सामोआ बेटांवरच्या वंशाच्या मुलीशी लग्न केलं. ती नेदरलँड्समधल्या बाडहूव्हडॉर्प गावातल्या आमच्या घरात आली आणि स्वयंपाकघराचं दार मला एकदम अरुंद वाटू लागलं. सहा फूट उंची, तिला साजेसा देह. विमानतळावर प्रवाशांच्या बॅगा उचलायचं काम. मी बावन्न किलोचा, मधुमेही. हिलाही साखर होणार, या काळजीने मी चांदीची वाटी काढली. खरं म्हणजे काळजी थोडी, लाज जास्त. पुण्याचे नातेवाईक फोटो पाहून काय म्हणतील? सून भाविक, दर रविवारी चर्चला जाणारी. दोन वर्षं डोळे मिटून प्यायली.

मागच्या महिन्यात आम्ही दोघं रक्ताचे रिपोर्ट घ्यायला गेलो. तिची साखर उत्तम, माझी चढलेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सामोअन लोकांत एक जनुकीय बदल बराच आढळतो. त्याने अंग भरतं, उंचीही थोडी वाढते, पण मधुमेहाचा धोका कमी होतो. हिच्यात तो असेलही."

बाहेर येताच सून इंग्रजीत म्हणाली, "जनुक कसलं, बाबा! तुमचं तीर्थ! मराठी मंडळात सगळ्या बायकांना सांगणार मी."

बायका तिलाच हसल्या असत्या. सायकलींपाशी मी सगळं कबूल केलं.

"म्हणजे देवाचं काहीच नाही?"

"नाही गं. नुसतं कारलं."

ती मटकन फुटपाथवर बसली. खांदे हलू लागले. रडवलं की काय मी हिला? पण ती हसत होती, इतकी की धक्क्याने दोन सायकली आडव्या झाल्या. मग तिने ऑकलंडला आईला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन माझ्या हातात दिला. "आता तिलाही सांगा."

सांगितलं. पडद्यावर आई, भोवती चार मावश्या.

"माझ्या लेकीला बारीक करायला निघाला होतात?"

"हो. चुकलो. माफ करा."

मग एक मावशी पुढे सरकली, मला नीट न्याहाळलं आणि सुनेवरच ओरडली, "अगं, हा एवढासा माणूस! याला जेवायला घालतेस की नाही?"

पलीकडे हसण्याचा स्फोट झाला. मीही पोट धरून हसलो. सून डोळे पुसत म्हणाली, "मंडळात मात्र तुम्हीच सांगायचं. उभं राहून."

उभा राहिलो. वाटीपासून कारल्यापर्यंत सगळं सांगितलं. पहिल्या रांगेत तीच सर्वांत मोठ्याने हसत होती.