दिराची चौकशी

नवरा गेला आणि लोखंडी कपाटांचा कारखाना वहिनींच्या गळ्यात पडला. दीर तिथे फोरमन. तो वहिनी म्हणायचा, म्हणून कामगारही वहिनीच म्हणत. दीर कामाला वाघ, पण त्याचा हात फार लवकर सुटायचा. पत्रा वाकडा कापला गेला की कानाखाली जाळ. वहिनींना दिसत होतं, पण माल वेळेवर निघत होता, म्हणून त्या कानाडोळा करायच्या.

वेल्डर एकदा केबिनमध्ये येऊन म्हणाला, "गालावर पाच बोटं घेऊन घरी जायचं म्हणजे पोरांसमोर मान वर होत नाही, वहिनी."

"बोलते मी भावजींशी," त्या म्हणाल्या. बोलल्या मात्र नाहीत.

मग एका दुपारी कपाटाचं दार तिरकं बसलं. दिराने वेल्डरची मान धरली आणि त्याचा उघडा पंजा नुकत्याच जोडलेल्या, तापलेल्या सांध्यावर दाबला. कातडी लोखंडाला चिकटली. वेल्डरने दुसऱ्या हाताने हातोडी उचलून दिराच्या खांद्यात घातली. हाड मोडलं. दीर खाली कोसळला तरी हातोडी थांबेना. वहिनी मध्ये पडल्या आणि पुढचा घाव त्यांच्या मनगटावर बसला. तेव्हा कुठे वेल्डर भानावर आला आणि जळका हात पोटाशी धरून मटकन खाली बसला.

इस्पितळात सासूबाईंनी फर्मावलं, "आजच्या आज हाकल त्या मेल्याला."

कारखान्याचे वकील म्हणाले, "चौकशीशिवाय हाकललंत तर कोर्टात दोन मिनिटं टिकणार नाही. आणि तुमचा फोरमन कामावर कुणाला मारतो, तेव्हा जाब मालकाला द्यावा लागतो."

"मग चौकशी दोघांची होईल," वहिनी म्हणाल्या.

"तुमच्या दिरांचीही?" वकिलांनी विचारलं.

"आधी त्यांची."

बाहेरचे एक निवृत्त अधिकारी चौकशीला नेमले. दीर गळ्यात हात अडकवून आला. आरोप वाचून झाले. मग तो उठला. "माझ्या भावाच्या कारखान्यात माझी चौकशी?" असं म्हणत त्याने चांगल्या हाताने वहिनींचे केस धरले आणि तोंड टेबलावर आपटलं. एकदा, पुन्हा एकदा. दोन कामगारांनी त्याला ओढून बाहेर काढेपर्यंत टेबलावरचे कागद लाल झाले होते. त्यात एक दात पडलेला.

"पुढच्या आठवड्यात बसू," अधिकारी चाचरत म्हणाले.

वहिनींनी पदर तोंडाला लावला. "नको. माझी साक्ष राहिलीय. लिहा. भावजी मारतात हे मला माहीत होतं. वेल्डरने येऊन सांगितलं होतं. मी काहीच केलं नाही."

वकिलांनी डोळे मिटून घेतले. एवढ्या कबुलीने कंपनी अडकली होती.

दिराची नोकरी गेली, पुढे त्याला शिक्षाही झाली. वेल्डरने हातोडी चालवली होती, म्हणून त्यालाही निलंबन भोगावं लागलं. पण नोकरी राहिली. कामगार न्यायालयात वहिनींनी वाद घातला नाही, त्याची भरपाई मान्य केली. त्याची बोटं आता नीट मिटत नाहीत. तो तपासणी विभागात बसतो. वहिनींशी कामापुरतंच बोलतो, आणि त्यांनीही त्याहून जास्त कधी मागितलं नाही.

सासूबाई थोरल्या लेकीकडे राहायला गेल्या. जाताना त्यांनी सुनेकडे पाहिलंसुद्धा नाही.

कारखान्यात कुणाचा आवाज चढला की वहिनी अजूनही हातातलं काम टाकून केबिनबाहेर येतात. दोन माणसं नुसती थट्टा करत असली, तरी जवळ जाऊन उभ्या राहतात.