दोरीवरची हाफ पँट

आमच्या चकलांब्यात बाईमाणसानं पळायचं म्हणजे उजाडायच्या आत आणि सलवार घालून. मीही तसंच पळत होते. चाळिशीनंतर रक्तातली साखर वाढली, डॉक्टरांनी चालायला सांगितलं आणि चालता चालता मी पळायला लागले. बाकीचा दिवस महिला दूध संस्थेच्या सचिवाचा असायचा. दूध आमच्याच अंगणात जमा व्हायचं. कामांची यादी रात्रीच तयार असायची, फक्त पळणं त्या यादीत मी कधी लिहिलं नाही.

अंतर वाढवलं आणि अडचण आली. मला तलवाड्याच्या बाजूच्या मोठ्या फाट्यापर्यंत न थांबता जाऊन परत यायचं होतं. पण अर्ध्या वाटेतच सलवारीची शिवण मांड्यांना काचायची. घरी पोचेपर्यंत कातडी लालभडक झालेली असायची. मी पाय अवघडून बसायचे, तेव्हा सासूबाईंना वाटलं, सुनेचे गुडघे गेले. मी त्यांना तसंच वाटू दिलं.

बीडच्या दुकानात जाण्याआधी काय हवं ते पक्कं केलं होतं. वर सैल हाफ पँट आणि आत मांडीला धरून बसणारं, बारीक जाळीचं अस्तर. मांडीच्या आतल्या अंगाला शिवण नको. अस्तर मांडीच्या मध्यापर्यंत तरी यावं, आखूड असलं की गुंडाळून वर सरकतं. कमरेला इलॅस्टिकबरोबर नाडीही हवी. नुसती तंग पँट घेऊनही भागलं असतं, पण ती सलवारीच्या आत घालायचीसुद्धा मला लाज वाटली.

दुकानदारानं कुणासाठी म्हणून विचारलं. मी म्हणाले, मुलासाठी, माझ्याएवढाच आहे. आता घालून बघणं शक्यच नव्हतं. मग प्रत्येक पँट उलटी करून अस्तर ताणून पाहिलं, शिवणीवरून बोट फिरवलं आणि अंदाजानं एक उचलली. अंदाज बरोबर निघाला. सलवारीच्या आत ती घालून पहिल्या काही दिवसांत मी फाट्याच्या बरीच जवळ जाऊन आले.

मग मांड्यांवर पुरळ उठलं. चूक पँटची नव्हती, वाळवण्याची होती. आमच्याकडे बायकांचे आतले कपडे दोरीवर उघडे टाकत नाहीत, वरून परकर पांघरतात. दुष्काळाचं ऊन असं, की कुरडया बघता बघता कडक व्हाव्यात. पण परकराखाली ते अस्तर दमटच राहायचं. त्यात टँकर एक दिवसाआड यायचा. मी तांब्याभर पाण्यात पँट खळबळून काढायचे, म्हणून साबणही जाळीत अडकून राहायचा. बीडच्या डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं, साबण पूर्ण निघू द्या, उन्हात कडक वाळवा. ते जमत नसेल तर लांबचं पळणं सोडा.

सोडायचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पळून आल्यावर मी पँट एका बादलीत धुतली, दुसऱ्या बादलीत खळबळली आणि गोठ्याकडच्या टोकाला उघडी वाळत टाकली. दुधाची वेळ झालीच होती. बायका किटल्या घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. पुढे एक म्हातारी सभासद होती, मेंढपाळ घरातली. मेंढरं विकून झाली होती, आता एकच म्हैस उरली होती आणि तीही आटत चालली होती. तिनं दोरीकडे पाहिलं.

"बाई, ही कुणाची हाय?"

"मुलाची," मी म्हणाले.

"मुलगा तर पुण्याला हाय की."

मागच्या बायका पदराआड हसल्या. माझे कान तापले. मी खाली वाकून माप उगीचच पुसत बसले.

"असंना कुणाचीबी," ती म्हणाली. "आमी काय चड्डी बगितली न्हाई व्हय? पर दुसरी बादली कावून वतली?"

धुण्याच्या दगडापाशी दोन्ही रिकाम्या बादल्या तशाच होत्या आणि खालची जमीन अजून ओली होती. संस्थेच्या आदल्या बैठकीत ठराव मीच मांडला होता, की कास धुवायची नाही, ओल्या फडक्यानं पुसायची आणि वाचलेलं पाणी जनावराला पाजायचं. तो ठराव म्हातारी पाळत होती. मी तिचं दूध मोजलं.

पुढच्या बैठकीत पाण्याचा विषय निघाला तेव्हा मी उभी राहून सांगितलं, की स्वतःचा एक कपडा धुवायला मी दोन बादल्या ओतल्या.

"तीच चड्डी ना?" मागून कुणीतरी विचारलं. सगळ्या हसल्या.

"तीच. माझीच आहे, पळायची."

"ते ठावं हाय आमाला. तुमी पळता तवा कुत्री भुकतेत, त्यावरच तर आमी उठतो."

मीही हसले, पण पायाखालची सतरंजी सोडून कुठेच बघवेना. म्हातारी हसली नव्हती. तिनं चाऱ्याचा विषय घ्या म्हणून सांगितलं.

दुसरी बादली मी पुन्हा ओतली नाही, लांबचं पळणंच त्या उन्हाळ्यात बंद केलं. बंद करा, असं मला कुणीच म्हटलं नव्हतं. फाटा राहिला तो राहिलाच. सकाळी म्हातारीची किटली पुढे यायची, रोज थोडी आणखी हलकी, आणि माप भरताना मी तिच्याकडे न बघता आकडा सांगायचे.