बांगडीवालीचा मोकळा हात

"हात ढिला सोडा, बाई," असं म्हणतच ती आमच्या ओट्यावर बसायची. मुलांनो, तुम्ही तिला पाहिलेलं नाही, म्हणून लिहून ठेवते. परभणीतल्या आमच्या गल्लीपासून पेडगावापर्यंत ती बांगड्या भरत फिरायची. तिच्या स्वतःच्या उजव्या हातात हिरव्या बांगड्या. डावा हात मात्र मोकळा आणि सुजलेला.

नवीन गिऱ्हाईक हटकायचंच. "अगं, सवाष्ण ना तू? मग हा हात असा?"

"छातीचा कॅन्सर झाला हुता. एक बाजू काढली. तवापासून ह्यो हात सुजतो, काच लागलेली चालत न्हाई." पाहुण्याचं गाव सांगावं तसं ती हे सांगायची. "तुमी बघता का हात फिरवून? गाठबीठ?"

बाई लाजून उठू पाहायची. पण बांगडी बोटांच्या पेरांवर अडकलेली; उठणार कुठे?

एक सासूबाई कडाडल्या, "बांगड्या भर, डागदर नको होऊ!"

"डागदर कशाला होऊ? त्येच्या दारात न्हेऊन बसवते की तुमाला."

आणि नेऊन बसवायचीही.

बांगड्या भरून झाल्या की रिवाजाप्रमाणे बायका तिला वाकून नमस्कार करायच्या. ती पाय मागे घ्यायची. "आंघोळीच्या येळी हात फिरवा. झाला नमस्कार."

एकदा मलाही तिने विचारलं. "आम्हाला माहीत असतं हे सगळं," मी म्हणाले.

"माहीत लय हाय. पर बघितलं का?"

माझा हात आखडला आणि बांगडी वाढली. पंधरा दिवसांपासून गाठ हाताला लागत होती. तुमच्या आजोबांनाही मी सांगितलं नव्हतं.

काचा वेचत तिने एवढंच विचारलं, "किती दिस झाले?"

दुसऱ्या दिवशी टोपली घरी ठेवून ती माझ्यासोबत दवाखान्यात आली. गुडघ्याचं ऑपरेशन म्हणून तुम्हाला कळवलं होतं, ते हे. माझं वेळेत निभावलं. तिचं दुखणं दोन वर्षांनी उलटलं आणि त्यातच ती गेली.

या संक्रांतीला टोपली घेऊन तिची सून आली. मी उजवा हात पुढे केला. ओट्यावर सगळी गल्ली जमलेली. शेजारच्या काकूंनी विचारलं, "तुमचा डावा नेहमी मोकळाच कसा हो?"

आजवर मी संधिवात सांगत आले होते. उठावंसं वाटलं. पण हात सुनेच्या मुठीत होता, बांगडी पेरांवर अडकलेली.

मी खरं ते सांगितलं.