लांडग्याचा वाटा

मामांच्या हृदयाच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी मिरजेच्या दवाखान्यात त्यांच्या उशाशी बसून एका जुन्या फारसी महाकाव्याचं भाषांतर वाचत होतो. तिथं न्यावं असं ते पुस्तक नव्हतं. त्यात पानोपानी माणसं मरतात, आणि साधी मरत नाहीत. राजा गेला की सिंहासन रडतं, सूर्य काळवंडतो. आपल्याकडं चौकात फ्लेक्स लागतो, एवढाच फरक.

“कशानं मरत्यात रं ती?” मामांनी विचारलं. त्यांचं निम्मं आयुष्य आटपाडीकडच्या माळावर मेंढरांमागं गेलेलं.

मी जरा सौम्य उपमा निवडल्या. जग म्हणजे दोन दारांची धर्मशाळा. मरण म्हणजे ओलं-सुकं गवत सारखंच कापत जाणारा गडी.

“आन?”

“माणसं म्हणजे कळप आणि मरण म्हणजे लांडगा,” माझ्या तोंडून निसटलं.

मामा खुशीत आले. “कवी आपल्यातलाच दिसतोय!” आमच्या धनगरांत लांडग्यानं कोकरू नेलं तर त्याला शिव्या देत नाहीत, तो त्याचा वाटा समजतात. “म्हाताऱ्या मेंढ्यावर तर त्येचा हक्कच की.”

मामी मोसंबं सोलत होती. मान वर न करता म्हणाली, “आवं, वाटा कळपातनं देत्यात. माझ्याकडं एकच मेंढा हाय.”

मामा हसले. तिनं फोड पुढं केली, तर त्यांनी फोड न घेता हातच धरून ठेवला.

सकाळी त्यांना आत नेलं. मामी त्यांचा पटका मांडीवर घेऊन बाहेरच्या बाकावर बसली. बऱ्याच वेळानं म्हणाली, “वाच की. पर जगलं त्येचंच वाच.”

मागणी रास्त होती, पण कवी त्या बाबतीत कंजूष. ज्याची भरपूर स्तुती, तो पुढच्या पानावर हमखास पडायचा. शेवटी एक मेंढपाळ सापडला. राजघराण्यानं टाकलेलं पोर उचलून तो घरी नेतो, वाढवतो आणि काव्यातून निघून जातो. त्याला मारायचे कष्ट कवीनं घेतलेच नव्हते. त्याच्या वाट्याला एकही उपमा नाही.

मामीला तो आवडला. तिनं त्याच्या मेंढरांची चौकशी केली. ती काव्यात नव्हती, मी पदरची घातली.

दुपारी नर्स बाहेर आली. ऑपरेशन नीट झालं, शुद्धीवर यायला मात्र वेळ लागेल, म्हणाली. मामीनं डोळे पुसले, बाकावर नीट मांडी घातली.

“मग त्येच्या बायकूचं काय लिवलंय?”

काहीच लिहिलं नव्हतं. मी पान उलटलं आणि सांगायला लागलो.